भांडं कुठलं, चूल कुठली? वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात जगभरच्या जुन्या भांड्यांवर लिहिलं आणि त्यानंतर इतके मेल आले की दोन अंक सहज भरतील. निम्म्याहून जास्त पत्रांत काहीतरी फुटलंय, गंजलंय नाहीतर चिकटलंय, त्यामुळे या वेळी कौतुक कमी आणि दुरुस्ती जास्त.

प्रश्न: ताई, माझ्या नणंदेनं मोरोक्कोहून मातीचं टजीन आणलं, ते उंच शंकूसारख्या झाकणाचं. मी हौसेनं लगेच गॅसवर चढवलं, दहा मिनिटांत टक्क असा आवाज आला आणि बूड आरपार चिरलं. नेटवर एक जण म्हणतो आधी रात्रभर पाण्यात भिजवा, दुसरा म्हणतो मातीच्या भांड्याचं बूड कोरडंच पाहिजे. खरं काय? नणंदेला अजून सांगितलेलं नाही.

उत्तर: नणंदेला सांगून टाका, कारण चूक एकट्या तुमची नाही, निम्मी गॅसची आहे. माझंही पहिलं टजीन असंच गेलं, फरक एवढाच की मी ते गरम असताना ओल्या ओट्यावर टेकवलं होतं आणि मग बराच वेळ नुसती बघत बसले होते.

मोरोक्कोत टजीन बसतं ते कोळशाच्या शेगडीवर, ती शेगडीपण बहुतेक मातीचीच, निखारे मंद असतात आणि धग सगळ्या बुडाला हळूहळू लागते. गॅसची ज्योत तसं करत नाही, ती एका गोल रिंगणात चटका देते. आता माती उष्णता पुढे सरकवण्यात अत्यंत आळशी, म्हणजे रिंगणाच्या वरची माती तापून फुगायला लागते तेव्हा काठाजवळची अजून गारच असते, एकीला पसरायचंय आणि दुसरी हलायला तयार नाही, मग या ओढाताणीत जिथं कमजोर जागा सापडेल तिथं चीर जाते. जगभरच्या कुंभारांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे, म्हणून स्वयंपाकाच्या भांड्याच्या मातीत ते काहीतरी खरबरीत मिसळतात, कुठे वाळू, कुठे शिंपल्यांचा चुरा, कुठे जुन्या खापरांची भरड. सर्बियातल्या झ्लाकुसा गावचे कुंभार मातीत कॅल्साइट नावाचा दगड कुटून घालतात आणि भांडं हातानं फिरवायच्या चाकावर घडवतात, २०२० मध्ये युनेस्कोनं त्यांची ही कला वारसा यादीत घेतली. अशा मातीत बारीक चीर पडली तरी ती पुढच्या दाण्याला अडते आणि तिथंच थांबते. पण कितीही मिसळलं तरी एकदम मोठी आच कुणालाच सोसत नाही.

आता भिजवायचं की कोरडं. दोघंही खरं बोलतायत, फक्त वेगवेगळ्या भांड्यांबद्दल. बिनाग्लेझचं, म्हणजे वर काचेसारखा चकचकीत लेप नसलेलं टजीन पहिल्या वापराआधी रात्रभर पाण्यात ठेवतात, नंतर पूर्ण वाळू देतात, आतून-बाहेरून तेल चोळतात आणि थंड ओव्हनमध्ये ठेवून मग ओव्हन मंद तापवतात. कोरड्या बुडाचा नियम आहे जपानच्या दोनाबेचा. ते थेट ज्योतीवर बसणारं मातीचं भांडं आहे, इगा भागातलं विशेष नावाजलेलं, तिथली माती प्राचीन बिवा सरोवराच्या तळाची आहे, तिच्यातले झाडापाल्याचे अवशेष भाजताना जळून जातात आणि मातीत बारीक बारीक पोकळ्या राहतात. त्या पोकळ्यांमुळेच ती धग सोसते. पण दोनाबेचं बूड बाहेरून बिनाग्लेझचं असतं, ते ओलं असेल तर त्याच पोकळ्यांतलं पाणी ज्योतीवर वाफ होऊन फुगतं, म्हणून दर वेळी बूड पुसून, खरंतर वाळवूनच चढवायचं. पहिल्यांदा त्यात तांदळाची पातळ पेज शिजवून तशीच थंड होऊ देतात, पेजेतला स्टार्च बारीक छिद्रांत जाऊन बसतो. म्हणजे एकाला भिजवून तयार करायचं आणि दुसऱ्याला पेज पाजून, आणि दोघांनाही मंद आचेवर.

पुढचं टजीन आलं की गॅस आणि भांडं यांच्यामध्ये जाड धातूची चकती ठेवा, हीट डिफ्यूझर म्हणून मिळते ती. आच शेवटपर्यंत बारीक, गरम भांड्यात गार पाणी ओतायचं नाही, आणि उतरवल्यावर लाकडावर नाहीतर जाड कापडावर ठेवायचं. पाणी अगदी कमी घाला, कारण उंच टोपीचा वरचा भाग आचेपासून लांब आणि त्यामुळे गार राहतो, वाफ तिथं लागून पाणी होते आणि परत खाली उतरते. पाणी जिथं मोजून वापरावं लागतं तिथं हे भांडं का टिकलं ते यातून कळतं. आणि हो, नक्षीदार रंगवलेली चकचकीत टजीनं बहुतेक वाढायची असतात, शिजवायची नाहीत. तुमची टोपी शाबूत असेल तर टाकू नका. एखाद्या जाड, उथळ तव्यावर ती नीट बसली तर निम्मं टजीन अजून हातात आहे म्हणायचं.

प्रश्न: मॅडम, कार्बन स्टीलचा चायनीज वोक घेतला. घरी इंडक्शन आहे. वोक गोल बुडाचा, तो डुगडुगतो, तापतो फक्त मधे रुपयाएवढा, सगळं चिकटतं आणि आठवड्यात गंजला. मुलगा म्हणतो साबण लावलास म्हणून. विकून टाकू का?

उत्तर: विकू नका, पण तुमचा वोक आणि तुमचा इंडक्शन यांचं जमणार नाही हे मान्य करा. वोक हे अर्धंच यंत्र आहे, उरलेलं अर्धं म्हणजे त्याची चूल. चीनमधल्या पारंपरिक चुलीला वरून गोल भोक असतं, वोक त्या भोकात बसतो आणि ज्वाळा बुडाबरोबर कडेनंही वर चढतात. म्हणून तळाशी भाजणारी जागा, कडेला कमी तापाची जागा, शिजलेलं वर सरकवा, कच्चं खाली ओढा असं सगळं एकाच भांड्यात होतं. पत्रा पातळ, दीड-दोन मिलिमीटरचा, म्हणजे आच वाढवली की लगेच कळतं. कॅंटनी लोक ज्याला ‘वोक हेई’ म्हणतात, म्हणजे वोकचा श्वास, तो धुरकट वास याच ज्वाळांतून येतो.

इंडक्शन लोखंडाला तापवतो हे खरं, पण जेवढं लोखंड काचेला टेकलंय किंवा अगदी जवळ आहे तेवढंच, गोल बुडाचा टेकतो किती तर तुम्ही म्हणता तसा रुपयाएवढा. सपाट बुडाचा कार्बन स्टीलचा वोक घ्या, तो पूर्ण आचेवर एकदम टाकू नका कारण पातळ पत्रा फुगून वाकतो, दोन मिनिटं मध्यम ठेवून मग वाढवा. तुमचा आत्ताचा गोल वोक गॅस असलेल्या मैत्रिणीला द्या आणि जेवायला तिच्याकडे जा.

चिकटणं आणि गंज यांचा उपाय एकच. आधी वोक घासून उघडा करा, नव्या वोकवर गंज येऊ नये म्हणून कारखान्यातून तेल किंवा मेण लावून पाठवतात ते तर निघायलाच पाहिजे, तुमचं बहुतेक तेच राहिलंय. मग तापवा, पत्रा करड्याचा निळसर होईपर्यंत, अगदी पातळ तेल पुसा, पुन्हा तापवा, धूर येऊन जाऊ द्या, असं चार-पाच वेळा. तेल तापून लोखंडावर प्लास्टिकसारखा कडक थर होतो, तो धुऊन जात नाही. जाड थर एकदम द्यायला गेलात तर चिकट होतो, मी सुरुवातीला घाई करून तोच घोटाळा केला होता. साबणाचं म्हणाल तर मुलाला सांगा की आजी-पणजीच्या काळातल्या साबणात तीव्र क्षार असायचा, तो हा थर खायचा, आत्ताच्या भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब काही करत नाहीत. गंजवतं ते ओलं ठेवणं. धुतलं की आचेवर एक मिनिट कोरडं करा, तेलाचं बोट फिरवा, संपलं. टोमॅटो, व्हिनेगर असं आंबट त्यात तासभर उकळत ठेवू नका, थर जातो आणि चव लोखंडी होते.

चिकटू नये म्हणून तेलाचा थर हा एकच रस्ता आहे असं नाही बरं. मेक्सिकोत मातीच्या कोमालवर, म्हणजे टॉर्टिया भाजायच्या त्यांच्या तव्यावर, चुन्याची निवळी फासतात. इथिओपियात इंजेरा, म्हणजे त्यांचं आंबवलेल्या पिठाचं मोठं धिरडं, ज्या मातीच्या मोठ्या मितादवर घालतात तो मोहरीच्या जातीच्या तेलबियांचं पीठ चोळून गुळगुळीत करतात. तिघांचं काम एकच, अन्न थेट भांड्याला चिकटू द्यायचं नाही.

प्रश्न: आमच्याकडे मेक्सिकोचा तीन पायांचा दगडी खल आहे, मोल्काहेते. त्यात काहीही वाटलं की दातांखाली कचकच लागते. असाच असतो का तो?

उत्तर: सुरुवातीला असतो, कायम नाही. तो बेसाल्टचा, ज्वालामुखीच्या दगडाचा, अंगभर भोकं असलेला, आणि नव्या खलाच्या त्या भोकांत दगडाची पूड अडकलेली असते. कोरडे तांदूळ मूठभर घालून बत्त्यानं घोटा, त्या बत्त्याला तिकडे तेहोलोते म्हणतात. पीठ करडं निघेल, फेका, पुन्हा घाला. पीठ पांढरं राहायला लागलं की शेवटी जाडं मीठ आणि लसूण वाटून तेही फेका. हात भरून येतील, एका दिवसात करूच नका.

चार-पाच दिवस करूनही करडंच निघत असेल तर तो दगड नाही, सिमेंट आहे. नकली मोल्काहेते भरपूर विकले जातात. खऱ्या दगडाची भोकं लहान-मोठी, वेडीवाकडी असतात, नकलीची एकसारखी, आणि किल्लीनं खरवडलं की भुकटी सुटते. सिमेंटचा असेल तर कुंडी करा त्याची, खायचं काही वाटू नका.

पुढे तुम्ही विचारलंय की एकच खल सगळ्याला चालतो का. थाई स्वयंपाकघरात बघा, दोन असतात, करी पेस्टसाठी ग्रॅनाइटचा जड आणि सोम ताम या कच्च्या पपईच्या कोशिंबिरीसाठी मातीचा उंच, त्याला बत्ता लाकडाचा. कारण पपई वाटायची नसते, नुसती ठेचून रस लागू द्यायचा असतो, दगडी बत्त्याखाली तिचा लगदा होतो. जपानचा सुरिबाची तर मातीचाच पण आतून कंगव्यानं ओढल्यासारख्या रेघा असलेला, बत्ता लाकडी, आणि त्यात कुटत नाहीत, गोल फिरवून रगडतात. तीळ त्यात इतके छान निघतात की मला मिक्सर काढावासा वाटत नाही (धुताना मात्र त्या रेघांतून तीळ काढता काढता मिक्सर आठवतो).

प्रश्न: रंगीत ग्लेझ असलेली मातीची मेक्सिकन भांडी सेकंडहँड मिळाली. स्वयंपाकाला वापरू?

उत्तर: नाही. हे एकच उत्तर मी हसत देणार नाहीये. तिथल्या पारंपरिक ग्लेझला ग्रेटा म्हणतात, त्यात शिसं असतं, लाकडाच्या भट्टीत कमी तापमानाला भाजल्यावर ते पक्कं बांधलं जात नाही आणि लिंबू, टोमॅटो, व्हिनेगर असं आंबट लागलं की अन्नात उतरतं. दिसत नाही, चव लागत नाही. लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो आणि शिशाचं सुरक्षित असं प्रमाणच नाही. आता तिकडे बिनशिशाचं ग्लेझ वापरणारे कुंभार आहेत, पण सेकंडहँड भांड्यावर ते लिहिलेलं नसतं. भिंतीवर टांगा, सुंदर दिसतील.

प्रश्न: फ्रान्समध्ये जॅम बिनकल्हईच्या तांब्याच्या पातेल्यात करतात असं वाचलं, आणि आम्हाला तर लहानपणापासून सांगितलंय की तांब्यात आंबट घालायचं नाही. मग फळं आंबट नाहीत का?

उत्तर: हा प्रश्न मला फार आवडला. तुम्हाला सांगितलेलं बरोबरच आहे, नुसतं फळ तांब्यात घालून ठेवलं तर आंबटानं तांबं सुटतं. म्हणून तिकडे फळ आणि साखर आधी दुसऱ्या भांड्यात एकत्र करून ठेवतात, मिश्रण तांब्यात येतं ते थेट उकळायला, भराभर आटतं आणि झालं की लगेच बाहेर काढतात. तांबं घ्यायचं कारण वेग. ते स्टेनलेस स्टीलच्या वीस-पंचवीस पट चांगलं उष्णता वाहतं, म्हणजे रुंद पातेल्यात कुठंही एका जागी करपत नाही आणि आच कमी केली की उकळी तिथल्या तिथं बसते. साखरेच्या कामात ते सोनं आहे. अंड्याचा पांढरा बलकही तिकडे तांब्याच्या वाडग्यात फेटतात, तांब्याचा अगदी सूक्ष्म अंश त्यातल्या प्रथिनाला धरतो आणि फेस लवकर बसत नाही.

बाकी रोजच्या तांब्याला कल्हई पाहिजेच. फक्त लक्षात ठेवा की कथील २३२ अंश सेल्सियसला वितळतं, रिकामं पातेलं आचेवर विसरलात तर कल्हई थेंब होऊन गोळा होते. धातूचा चमचापण नको, लाकडी वापरा. आतून हिरवट डाग दिसला तर त्या दिवशी दुसरं भांडं काढा.

प्रश्न: मी आठवीत आहे. जगातलं पहिलं स्वयंपाकाचं भांडं कुणी बनवलं? आणि त्याच्या आधी लोक शिजवायचे कसे?

उत्तर: अरे वा. नाव सांगता येणार नाही, पण पत्ता सांगते. चीनच्या जिआंगशी प्रांतात शियेनरेनतुंग नावाची गुहा आहे, तिथल्या खापरांचं वय २०१२ मध्ये जाहीर झालं, सुमारे २०,००० वर्षं. काही खापरं बाहेरून काळवंडलेली, म्हणजे विस्तवावर ठेवलेली असणार. आता गंमत बघ, तिथं शेती सुरू झाली त्याच्या साधारण दहा हजार वर्षं नंतर. पुस्तकात आपण शिकतो ना, की माणूस शेती करायला लागला, एका जागी राहिला आणि मग मडकी आली, ते या गुहेला लागू होत नाही. ही मडकी शिकार करणाऱ्या, फिरणाऱ्या लोकांची होती. जपानमध्येही तसंच, तिथल्या जोमोन काळातल्या मडक्यांत चिकटलेला खरकटा थर शास्त्रज्ञांनी तपासला, २०१३ मध्ये निकाल आला, बहुतेकांत पाण्यातल्या जिवांचं, म्हणजे मासे वगैरेंचं तेल निघालं. जोमोन म्हणजे दोरीचा ठसा, ओल्या मातीवर दोरी दाबून नक्षी करायचे म्हणून. एडवर्ड मोर्स नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं १८७७ मध्ये ओमोरीला खणून ती खापरं काढली आणि त्याच्या वर्णनावरूनच हे नाव आलं.

भांड्याआधीचं उत्तर आणखी भारी आहे. कॅलिफोर्नियाचे मूळ रहिवासी टोपलीत शिजवायचे! टोपली इतकी घट्ट विणलेली की पाणी गळत नाही, त्यात ओकच्या फळांचं पीठ आणि पाणी, आणि आगीत तापवलेले दगड चिमट्यानं आत सोडायचे. दगड आत ढवळत राहायचे, म्हणजे टोपली जळत नाही, गार झाला की काढून दुसरा. आग भांड्याखाली नाही, भांड्याच्या आत. न्यूझीलंडचे माओरी अजून हांगी करतात, खड्ड्यात तापलेले दगड, त्यावर अन्न, वरून माती. तिथं जमीन हेच भांडं. (घरी टोपलीत दगड टाकून बघू नकोस, ओला नदीतला दगड तापवल्यावर फुटून उडतो.)

प्रश्न: माझे मिस्टर म्हणतात जुन्या भांड्यांचं हे सगळं फॅड आहे, चव भांड्यात नसते, आणि मातीत शिजवून अन्नात ताकद येते वगैरे थापा आहेत. त्यांना काय उत्तर देऊ?

उत्तर: ताकदीबद्दल मिस्टर बरोबर आहेत, मातीच्या भांड्यानं अन्न औषध होत नाही. लोखंडाचं वेगळं, त्यात आंबट शिजवलं की थोडं लोह खरंच उतरतं.

चवीबद्दल मात्र मी त्यांच्याशी वाद घालीन. एक प्रयोग सांगा त्यांना. अमेरिकेतल्या काही पुरातत्त्ववाल्यांनी कोलंबियाच्या ला चांबा गावची बिनाग्लेझची मातीची भांडी घेतली आणि त्यांत वर्षभर ठरवून एकेक पदार्थ शिजवत राहिले, मग शेवटी वेगळाच पदार्थ केला. २०२० मध्ये छापून आलं. करपून चिकटलेल्या थरात शेवटच्या जेवणाच्या खुणा होत्या, पण मातीच्या आत मुरलेल्या स्निग्धात आधीच्या कितीतरी जेवणांचा साठा होता. भांडं विसरत नाही ते असं. म्हणून माझ्याकडे माशाचं मातीचं भांडं वेगळं आहे आणि ते मी कुणालाही खीर करायला देत नाही.

ब्राझीलमध्ये व्हितोरिया शहरातल्या गोयाबेरास भागातल्या बायका मातीची काळी भांडी हातानं घडवतात, उघड्या होळीत भाजतात आणि गरम असतानाच खारफुटीच्या सालीचा तुरट अर्क त्यांच्यावर शिंपडतात, त्यानं रंग काळा होतो आणि छिद्रं बुजतात. मोकेका, म्हणजे माशाचा रस्सा, तिथं याच भांड्यात होते. त्यांचं हे काम २००२ मध्ये ब्राझीलच्या अमूर्त वारशाच्या नोंदीत सगळ्यात पहिलं आलं. फॅड म्हणून कुणी इतकी वर्षं हात भाजून घेत नाही, एवढं मिस्टरांना नक्की सांगा.

प्रश्न: स्कॉटलंडहून मैत्रिणीनं एक लाकडी काठी पाठवली आहे, एका टोकाला कोरलेली मूठ, बाकी सरळ. सोबत चिठ्ठी नाही. लाटणं आहे का?

उत्तर: लाटणं नाही, स्पर्टल आहे, ओट्सची लापशी ढवळायची काठी. चमचा सपाट असतो, तो लापशी ओढत नेतो आणि गुठळ्या मागे राहतात, गोल काठी मधून चिरत जाते. जुने लोक उजव्या हातानं आणि घड्याळाच्या दिशेनंच ढवळतात, पण तुम्ही डावखुऱ्या असाल तर मी कुणाला सांगणार नाही. तिथं कारब्रिज नावाच्या गावात १९९४ पासून लापशीची जागतिक स्पर्धा होते आणि जिंकणाऱ्याला सोनेरी स्पर्टल मिळतो. तुमचा लाकडी आहे, म्हणजे मैत्रीण जिंकलेली दिसत नाही.